शाळा सुटल्यावर : स्वमग्न मुलांच्या इतिहासातून एक धडा



मी इतिहासाचा अध्यापक. लढाया, तह, राजवटी हा माझा रोजचा धंदा. परंतु आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे, त्यात ना गड आहेत ना तोफा. तो इतिहास फार जुनाही नाही आणि तो वाचण्याची पाळी माझ्यावर आली ती माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यामुळे.

हा विद्यार्थी आता शिर्डीजवळच्या एका वाडीवर शेती करतो. तीन एकर पेरूची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो घरी आला. बरोबर त्याचा मुलगा होता, अठरा वर्षांचा, अंगाने चांगला उंचपुरा. मुलाने माझ्याकडे पाहिले नाही. तो सरळ खिडकीशी गेला आणि रस्त्यावरच्या गाड्या मोजू लागला.

"सर, पोराची शाळा सुटली," बाप म्हणाला. "अठरा पुरी झाली, आता घरी ठेवा म्हणाले. एस.टी.चे नंबर तोंडपाठ आहेत त्याला. पण नाव विचारलं तर सांगायचा नाही. लोकं म्हणतात, येडं हाये. आम्ही आहोत तोवर ठीक. पण आमच्या माघारी काय, सर?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. शिक्षकाजवळ उत्तर नसले म्हणजे तो पुस्तकाकडे वळतो, तसा मीही वळलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

या मुलाच्या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ऑटिझम म्हणतात. मराठीत तिला 'स्वमग्नता' हा शब्द आता रूढ झाला आहे. हा रोग नव्हे, तेव्हा तो औषधाने बरा होईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. अशा माणसाला इतरांच्या मनातले चटकन उमगत नाही. बोलणे जड जाते, काहींना मुळीच येत नाही. ठरलेल्या क्रमात बदल झाला की जीव कासावीस होतो. भोंग्याचा आवाज आपल्याला नुसता मोठा वाटतो, तो त्याला कानात खिळा ठोकावा तसा लागतो. मात्र एखादी गोष्ट मनात भरली की तीत त्याची बुद्धी विलक्षण रमते. यातले सगळे सगळ्यांत सारखे नसते. कोणी पदवीधर होतो, कोणाला जन्मभर अंघोळीलाही मदत लागते. दोघेही स्वमग्नच.

अशी माणसे पूर्वी नव्हती काय? होती. त्यांना नाव नव्हते, एवढेच. गावाला जे कळत नाही त्याला गावाचा पहिला शब्द 'वेडा' हाच असतो. आमच्या शिर्डीचेच पाहा. निंबाखाली बसणाऱ्या तरुण फकिराला गावकरी आरंभी वेडाच म्हणत, असे दाभोलकरांच्या साईसच्चरितात नमूद आहे. आणि त्याच गावात बायजाबाई डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन त्याला रानात शोधीत फिरत. साईबाबांना आजच्या वैद्यकाची चिठ्ठी चिकटवण्याचा माझा हेतू नाही, तसे कोणी समजू नये. सांगायचे ते इतकेच की एकाच गावात 'वेडा' म्हणणारी तोंडे असतात आणि भाकरी घेऊन निघणारे पायही असतात. वेगळ्या माणसाचे पुढे काय होते, हे यांपैकी कोण अधिक, यावर पुष्कळसे ठरते.

आता मी आपल्याला जरा लांब, अमेरिकेत नेतो. कारण या इतिहासाचे पहिले पान तिथे लिहिले गेले. आणि मौज अशी की ते एका शेतावर लिहिले गेले.

मिसिसिपी संस्थानात फॉरेस्ट नावाचे लहानसे गाव आहे. तिथे १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट नावाचा मुलगा जन्मला. बाप वकील होता, आईच्या माहेरची गावात बँक होती. पोर आईकडे पाहून हसत नसे, हाक मारली तर वळत नसे. आकडे मात्र झरझर सांगे आणि भांड्यांची झाकणे गरगर फिरवीत बसे. डॉक्टरांच्या सल्ल्याने चार वर्षांच्या आतच त्याला संस्थेत ठेवले. वर्षभराने आईबापांनी डॉक्टरांचे न ऐकता त्याला घरी आणले. बापाने बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांना मुलाविषयी तेहतीस पानांचे पत्र लिहिले. १९३८ साली कॅनरनी मुलाला तपासले. पुढे आणखी दहा मुले तशीच आढळली आणि १९४३ साली त्यांनी या अकरा मुलांवर निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेचे पहिले नामकरण ते हेच, असे सामान्यतः मानतात. त्यातली पहिली नोंद डोनाल्डची आहे. मॉस्कोत सुखारेवा या डॉक्टरीणबाईंनी १९२० नंतरच्या दशकातच अशा मुलांचे वर्णन केले होते. परंतु त्याकडे जगाचे लक्ष गेले नाही.

निबंधापेक्षा त्यानंतर जे घडले ते आपल्या कामाचे आहे. डोनाल्ड नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्याला गावापासून आठ-दहा मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवले. १९४५ साली कॅनर त्या शेतावर स्वतः गेले. त्यांनी जे पाहिले ते फार मोलाचे आहे.

पोरगा सारखा काही ना काही मोजत असे. शेतकऱ्याने त्याला दटावले नाही. विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते मोजून सांगायला सांगितले. पोरगा मेलेली पाखरे, किडे गोळा करी. त्यांनी त्याला परसात एक तुकडा दिला, इथे पूर आणि वर पाटी लाव, म्हणाले. पोरगा मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे. त्यांनी हाती नांगर दिला, मोजायच्या तर नांगरता नांगरता मोज. कॅनरच्या डोळ्यांदेखत त्या पोराने सहा लांबलचक तासे नांगरली. घोडा कसा वळवावा, नांगर कसा धरावा, सारे बिनचूक.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबू या. त्या जोडप्याने मानसशास्त्राचे एक पान वाचले असेल असे वाटत नाही. त्यांनी पोराची खोड मोडली नाही. खोडीलाच औत जुंपले. जगातल्या मोठमोठ्या प्रशिक्षण केंद्रांत आज जे शिकवतात, त्याचा गाभा याहून वेगळा नाही.

डोनाल्ड पुढे शाळेत गेला, कॉलेजात गेला, १९५८ साली पदवीधर झाला. आजोळच्या बँकेत त्याला नोकरी मिळाली आणि तिथे त्याने जन्म काढला. सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडून आला. २०१० च्या सुमारास दोन पत्रकार त्याची हकिगत लिहिण्यासाठी फॉरेस्टला गेले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना बजावले की आमच्या डोनाल्डला त्रास दिलात तर गाठ आमच्याशी आहे. २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला.

आता कोणी म्हणेल, "सर, ज्याच्या आजोळची बँक, त्याला नोकरीला काय कमी?" शंका रास्त आहे. पैशाचा, घराण्याचा हात त्याच्यामागे होता, हे लपवण्याचे कारण नाही. म्हणून त्याच अकरांतल्या दुसऱ्या मुलाची गोष्ट सांगतो. कॅनरनी त्याला हर्बर्ट म्हटले आहे. हा मुका, शब्दही न बोलणारा. तोही एका शेतकरी कुटुंबात राहिला. शेतकऱ्याच्या मागे मागे फिरे, गोठ्यात-कोठारात हाताखाली काम करी. शेतकरी वारला. त्याच्या बायकोने त्याच घरी वृद्ध स्त्रियांसाठी शुश्रूषागृह काढले. हर्बर्ट तिच्याजवळच राहिला आणि त्या म्हाताऱ्यांना जेवणाची ताटे पोहोचवू लागला. न बोलणारा माणूस दहा जणींच्या उपयोगी पडला.

आणि उरलेले? १९७१ साली कॅनरनी त्या अकरा मुलांचा पुन्हा शोध घेतला. काहींचा पत्ता लागला नाही. जी मुले सरकारी मनोरुग्णालयांत दाखल झाली, त्यांच्यापाशी लहानपणी जे गुण होते तेही तिथे विझून गेले. तिथे जाणे म्हणजे जन्मठेपच ठरली, असा निष्कर्ष खुद्द कॅनरनी काढला. मुले एकाच निबंधातली. पण ज्याला आपल्या घडणीला साजेसे काम आणि सांभाळून घेणारी चार माणसे मिळाली, तो माणसांत राहिला. ज्याला भिंती मिळाल्या, तो भिंतींत संपला. आजच्या बोलण्याचे सार विचाराल तर ते हेच.

या इतिहासाला दोन काळे डागही आहेत. पहिला असा की १९५० ते ७० या काळात पुष्कळ विद्वानांनी दोष आईवर ठेवला. आईच्या मनात ओलावा नाही म्हणून पोर असे झाले, असे ते सांगत. कॅनरही त्या दोषातून मोकळे नव्हते. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, हे मत खोडून काढले. पाच वर्षांनी कॅनरनी पालकांच्या सभेत उभे राहून, तुम्ही निर्दोष आहात, असे जाहीर केले. अमेरिकेतला हा वाद तिथे मिटला. आपल्या माजघरात तो अजून मिटलेला नाही. "हिनं गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही," असे सुनेला ऐकवणाऱ्या सासवा आपण पाहतोच. आईचा काही दोष नाही, हे वाक्य मी मुद्दाम दोनदा उच्चारतो. आईचा काही दोष नाही.

दुसरा डाग व्हिएन्नाचा. तिथले डॉक्टर हान्स आस्परगर यांनी १९४४ साली अशा मुलांवर लिहिले आणि त्यांच्यातल्या काहींची बुद्धी विशिष्ट व्यवसायांत चमकते, असे दाखवले. परंतु त्याच आस्परगरांनी काही मुलांना ज्या संस्थेत धाडले तिथे नाझी राजवटीत अपंग बालके मारली जात होती, हे २०१८ साली कागदपत्रांनिशी उघड झाले. कामाला येईल तो जगण्यालायक आणि बाकीचे भार, हा हिशोब माणसाला कुठे नेतो ते इथे दिसते. म्हणून स्वमग्न मुलाला काम मिळाले पाहिजे, असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. काम हा त्याचा हक्क आहे. काम ही त्याची किंमत नव्हे. ज्याच्याने काहीच होत नाही त्याचीही भाकरी आणि मान तितकाच आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. इथेही आरंभ आईबापांनीच केला. मुंबईत १९४४ साली जय वकील बाईंनी आपल्या मतिमंद मुलीच्या निमित्ताने घरीच शाळा काढली. पुण्यात १९६४ साली सिंधूताई जोशी यांनी 'कामायनी' सुरू केली. आपल्या शेजारी नाशिकला १९७७ साली रजनीताई लिमये यांनी 'प्रबोधिनी' उभी केली. त्या शिक्षिका होत्या आणि अशाच एका मुलाच्या आई. या शाळांना थोड्याच वर्षांत एक गोष्ट कळून चुकली. मुले मोठी होतात! शाळेचा दाखला हाती पडला की मूल पुन्हा घराच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि दहा वर्षांत शिकलेले दोन वर्षांत विसरते. म्हणून शाळांना जोडून कार्यशाळा निघाल्या. कागदी पिशव्या, फाइली, मेणबत्त्या, रंगवलेल्या पणत्या अशी कामे तिथे सुरू झाली.

तरी स्वमग्न मुले मतिमंदांतच मोजली जात. १९९५ साली अपंगांसाठी देशाचा पहिला मोठा कायदा झाला, त्यात स्वमग्नतेचे नावदेखील नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मानले, त्यात स्वमग्नता आहे. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या; त्यांतला एक टक्का स्वमग्न, मतिमंद, मनोरुग्ण, अध्ययनअक्षम आणि बहुविकलांग यांना मिळून आहे. पाच जणांत एक भाकरी, असे कोणी म्हणेल. पण पूर्वी ताटच नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

कायद्यातली एक गोष्ट पालकांनी पक्की लक्षात ठेवावी. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते आणि आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. बँकेचे खाते, जमिनीचा वाटा, सह्या, सगळीकडे मग अडचण येते. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घेता येते आणि आपल्या माघारी कोण, याचीही वेळेवर तजवीज करता येते. त्याच न्यासाची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मात्र आधी काढलेले असावे. सगळ्या दारांची किल्ली ती एकच.

आता प्रश्न येतो, शिकवायचे कसे? अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉपलर यांनी आखलेली शिक्षणपद्धती १९७२ पासून राज्यभर चालू झाली. तिच्यातली युक्ती कोणत्याही खेड्यात करण्याजोगी आहे. तोंडाने दहा वेळा सांगण्यापेक्षा डोळ्यांना दाखवावे. दिवसभराची कामे चित्रांनी ओळीत मांडावी. एका कामाचे लहान लहान तुकडे करावे. करायचे ते डाव्या हाताला, झालेले उजव्या टोपलीत; टोपली भरली की काम संपले. कधी संपणार हे कळले की त्या जिवाची निम्मी घालमेल थांबते. आणि आरंभ अठराव्या वर्षी नव्हे, तेराव्या-चौदाव्या वर्षीच करावा. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, आपल्या वर्गात असा मुलगा असेल तर त्याला काय येत नाही याची यादी करणे सोडा. तो रिकाम्या वेळी काय करतो ते आठवडाभर पाहून लिहून ठेवा. त्याचे पुढचे काम बहुधा त्या कागदावर सापडेल.

आमच्या शिर्डीत कामाला तोटा नाही. गुलाबाचे हार, प्रसादाच्या पुड्या, लॉजमधल्या चादरींच्या घड्या, भोजनगृहांत ताटांच्या राशी. शेजारच्या राहात्यात पेरूची प्रतवारी. ही सारी तीच ती, क्रमाने करायची कामे. तुम्हाआम्हाला त्यांचा कंटाळा येतो. स्वमग्न मुलाला त्या क्रमातच आधार वाटू शकतो. अडचण आहे ती गर्दीची. गुरुवारची रीघ, रामनवमीचे भोंगे, ढोल-ताशे त्याला सोसत नाहीत. तेव्हा काम आतल्या खोलीत द्यावे, पहाटेचे द्यावे, उत्सवाच्या दिवशी सुटी द्यावी. हुकूम एकाच माणसाने द्यावा, दहा जणांनी नव्हे. एवढे केले तर मालकाचे फारसे काही जात नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी डोनाल्डच्या विहिरीची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, आमचं बी मोजतंयच की दिवसभर." पेरूचा हंगाम आला तेव्हा त्याने मुलाच्या हाती वही दिली. भरलेला क्रेट तराजूवरून उतरला की एक रेघ. पहिले चार दिवस मुलगा वही घेऊन बांधावरच बसून राहिला. पाचव्या दिवशी त्याने रेघा मारल्या. नंतर लहान-मोठा पेरू निवडू लागला. एकदा बागेशेजारच्या लग्नाचा बँड सुरू झाला तसा तो टेम्पोमागे जाऊन कानांवर हात दाबून बसला आणि त्या दिवशी पुढे काम झाले नाही. बापाने त्याला ओढून आणले नाही, हे मला विशेष वाटले.

हंगामाच्या शेवटी मी विचारले, "पोराला मजुरी किती दिलीस?"

"घरच्याच पोराला मजुरी कशाची, सर?"

"बाहेरच्या गड्याला देतोस ना? मग यालाही दे. त्याच्या खात्यावर भर. तुमच्या माघारी त्याच्याजवळ नुसती दया नको, कमाईही असू दे."

त्याने ते ऐकले. पालकत्वाचा अर्जही नगरला जाऊन दिला. मुलगा अजून नाव विचारले तर सांगत नाही. परवा मी बागेत गेलो तेव्हा त्याने मान वर केली नाही. वही मात्र माझ्यापुढे धरली. एकशे बारा रेघा होत्या. मी मोजल्या. बरोबर होत्या.

श्रोतेहो, आपल्याही गावात, आळीत, नात्यात असा एखादा मुलगा असेल. तो मोजत असेल, दगड ओळीत लावीत असेल, एकच गाणे गुणगुणत असेल. उद्या तो अठरा वर्षांचा होईल. त्याच्या हाती आपण काय देणार, याचा विचार आजच करावा, एवढेच माझे मागणे आहे.